झडीचे दिवस, दोन सुया आणि पडवीतली कुत्री

मैत्रिणींनो,

आषाढ निम्मा सरला की आमच्याकडे झड लागते. शहरात पाऊस म्हणजे चार सरी, तुंबलेला रस्ता आणि संध्याकाळची कांदाभजी. आमचं पाली राजगडाच्या पायथ्याशी आहे. गडाचा पाली दरवाजा आमच्याच बाजूला, पण एकदा पाऊस बसला की आठ-आठ दिवस गड कुठे आहे हेही कळत नाही. माची नाही, बालेकिल्ला नाही, समोर नुसता पांढरा पडदा. भिंतींना ओल येते, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीची काडी तीनदा ओढावी तेव्हा पेटते, आणि दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही हाताला गारच लागतात.

अशा दिवसांत भाताची लावणी चालू असते. घरातली धडधाकट माणसं चिखलात. माझी शाळा अर्धवेळ, म्हणून दुपारनंतर मी घरी असते. हातात लोकर घेते आणि पडवीत बसते. पायाशी दोन कुत्री. मोत्या म्हातारा, तोंडावरचे केस पांढरे झालेले, मागच्या पायांनी उठताना कण्हणारा. चंपी तीन वर्षांची, पाऊस थांबो न थांबो, गल्लीतून एक फेरी मारून चिखलानिशी परत येणारी.

गेल्या काही आठवड्यांत तुमची जी पत्रं आली, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आहे. "पावसात कुत्रं दाराशी येऊन बसतं. मुलांना ते आत हवं असतं, सासूबाईंना चालत नाही. मी काय करू?" आणखी एका मैत्रिणीने विचारलंय, "म्हाताऱ्या कुत्र्यासाठी स्वेटर विणता येतो का? लोक हसतील का?" दोन्ही प्रश्न एकत्रच घेऊ या. आणि त्यांच्या पोटात एक तिसरा प्रश्न आहे, जो कुणी विचारत नाही. तो शेवटी घेऊ, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पडवी कुणाची?

सासूबाईंवर लगेच रागावू नका. कुत्रं घरात नको म्हणणाऱ्या बाईच्या म्हणण्यात पुष्कळदा शहाणपण असतं. मातीची जमीन, एकच खोली, त्यात पाळणा आणि देव्हारा, असं घर ज्यांनी सांभाळलं, त्यांनी चिखलाचे पाय उंबऱ्याबाहेर ठेवले यात नवल नाही. पण त्याच सासूबाई पहिली भाकरी कुत्र्याला टाकायला विसरत नाहीत. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, भैरवनाथाचं तर ते वाहनच. म्हणजे राग कुत्र्यावर नाही, घाणीवर आहे. घाणीचा बंदोबस्त केलात की निम्मं भांडण मिटतं.

आमच्याकडे ठरलेली वाटणी अशी आहे. स्वयंपाकघर आणि देवघर सासूबाईंचं, तिथे कुत्र्याने पाऊल टाकायचं नाही. पडवीचा उत्तरेकडचा कोपरा कुत्र्यांचा. तिथे दोन विटांवर एक जुनी फळी, फळीवर गोणपाट, गोणपाटावर जुन्या लुगड्याची गोधडी. फळी उचललेली हवी, हे विसरू नका. जमिनीची ओल खालून येते आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे त्यानेच धरतात. दारात एक कुत्र्यांचा पंचा खिळ्याला टांगलेला. तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

तुमच्याकडे पडवी नसेल, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या असतील, तरी तत्त्व हेच. जागा एकच आणि कायमची द्या. बाल्कनीचा कोपरा, जिन्याखालची मोकळी जागा, मोरीजवळचा बोळ, काहीही चालेल. कुत्र्याला आपली जागा कळली की ते घरभर फिरत नाही. आज आत, उद्या बाहेर असं केलंत, तर ते बिचारं दाराशी ओरडत बसतं आणि घरातलं वातावरण बिघडतं ते वेगळंच.

ओलं कुत्रं आधी कोरडं करा

स्वेटर घालण्याआधी हे वाचा. ओल्या अंगावर स्वेटर घालणं म्हणजे ओलं पोतं गुंडाळण्यासारखं आहे. आतली ओल तिथेच कोंडते, कातडी लाल होते, खाज सुटते. म्हणून आधी पंचाने पुसायचं. पाठ सगळ्याच पुसतात, राहून जातं ते तीन ठिकाणी : पायांच्या बोटांमधे, कानांच्या मागे आणि काखेत. बुरशी तिथेच धरते. पाय चिखलाने भरले असतील तर आधी कोमट पाण्याच्या तांब्याने धुवा, मग पुसा.

पुसता पुसता गोचीड शोधा. पावसाळ्यात ती फार होते. बोटांनी ओढून काढू नका, चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. काढलेली गोचीड चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल किंवा फिनेल चोळण्याची पद्धत अजून दिसते. कृपा करून ती सोडा. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. गोचिडीवर पशुवैद्याकडे औषध मिळतं, ते कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्यायचं असतं.

ऊब द्यायची म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. त्या धुराला वास नसला तरी तो जीवघेणा असतो, माणसालाही आणि जनावरालाही. दार-खिडकीची फट उघडी हवीच.

लोकर : खरी कुठली, खोटी कुठली

आपल्याकडे विणकामाच्या सुया तशा अलीकडच्या. पण लोकर मात्र आपली जुनीच. दख्खनी मेंढीची वर्षातून दोनदा कातरणी होते. धनगरांच्या बायका त्याचं सूत काढत, आणि सनगर जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर त्याची घोंगडी विणत. तयार घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती घट्ट आणि ताठ होते. काळी घोंगडी रंगवलेली नसते, तो मेंढीचाच रंग. लावणीला पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतलेला शेतकरी तुम्ही पाहिला असेल. पाणी वरून ओघळतं आणि आत माणूस उबदार राहतो. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक तेलकटपणा असतो, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही हाताला भिजल्यासारखी लागत नाही. म्हणूनच पूर्वीची माणसं पावसाळ्यात सुती पांघरुणापेक्षा घोंगडीवर विश्वास ठेवत.

हे सगळं सांगायचं कारण असं की दुकानात आज "लोकर" म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. ते वाईट नाहीत. स्वस्त, रंग पक्के, धुऊन लवकर वाळतात. पण ते ओल पीत नाहीत, आणि विस्तवाजवळ वितळतात. ओळखायची रीत सोपी आहे. दोन बोटं लांब धागा चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून टोकाला काळी कडक गोळी होते. अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर घातलेलं कुत्रं चुलीपुढे झोपू देऊ नका, एवढं लक्षात ठेवलंत तर दोन्ही लोकरी चालतील.

नवी लोकर आणायचीच गरज नाही. घरात पुरुषांचा एखादा कोपरं गेलेला, पूर्ण बाह्यांचा स्वेटर असतोच. त्याच्या शिवणी कात्रीने हलक्या हाताने उसवा, मानेकडून धागा सोडवा आणि खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जा. लडी झाली की चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, आणि खाली छोटं वजन लावून टांगा. धाग्याच्या कुरळ्या लाटा निघून जातात. झडीत हे वाळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून उसवण्याचं काम उघडीप दिसताच करून ठेवा.

मोत्याचा अंगरखा

हसतील का, असं विचारणाऱ्या मैत्रिणीला सांगते. हसतील. माझ्या जावेने मोत्याला पाहून "आता पायमोजेही विण" म्हणून टोमणा मारला. १९६२ साली चीनच्या युद्धात गावोगावच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि पायमोजे विणले, त्या वेळी विणणारीला कुणी हसलं नाही, कारण गरज डोळ्यांसमोर होती. इथेही गरजच पाहायची. धडधाकट, भरपूर केसांच्या कुत्र्याला स्वेटर लागत नाही. चंपीला मी कधी घातला नाही, घातला असता तर तिने तासाभरात फाडला असता. म्हातारं, आजारातून उठलेलं, अगदी आखूड केसांचं किंवा फार रोड कुत्रं, यांच्यासाठी तो आहे.

मापं (मध्यम गावठी कुत्रं) : गळा ४० सें.मी., छाती ६० सें.मी., पाठ मानेपासून शेपटीपर्यंत ४५ सें.मी.

साहित्य : ४ प्लायची लोकर सुमारे २०० ग्रॅम, दुहेरी धागा घ्यायचा. ७ नंबरच्या सुया २. रुंद सुती नाडी. लोकर शिवायची सुई.

ताण : सर्व सुया सुलट विणून १० सें.मी.मध्ये १८ टाके यावेत. जास्त आले तर एक नंबर जाड सुई घ्या. १५ टाक्यांचा छोटा चौकोन आधी विणून पाहा, आळस करू नका.

कृती : पाठ. ७२ टाके घाला. १ सुलट, १ उलट अशी २० ओळींची बॉर्डर विणा. ही कॉलर. यानंतर सगळ्या सुया सुलट विणायच्या. दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवा, असं ४ वेळा करा. आता ८० टाके झाले. बॉर्डरनंतरची लांबी ३६ सें.मी. होईपर्यंत सरळ विणा. मग एक आड एक ओळीला दोन्ही कडांना २ टाक्यांचा १ करत जा, असं १० वेळा. ६० टाके उरतील. १ सुलट, १ उलट अशा ६ ओळी विणून टाके सैल बंद करा.

पोटपट्टी. १८ टाके घालून सर्व सुया सुलट, १८ सें.मी. लांब पट्टी विणा आणि टाके बंद करा.

शिवण. कॉलरच्या दोन्ही कडा जोडा आणि तशीच शिवण खाली ५ सें.मी. चालवा. ही बाजू छातीकडे येते. पुढच्या पायांच्या मागे जिथे पोट सुरू होतं, तिथे पट्टीचं एक टोक पाठीच्या कडेला पक्कं शिवा. दुसऱ्या टोकाला आणि समोरच्या कडेला नाड्या लावा. बटणं लावू नका, कुत्रं ती कुरतडून गिळतं. कुत्रा नर असेल तर पट्टी पुढेच ठेवा, नाहीतर रोज धुवावी लागेल.

घातल्यावर गळ्याशी आणि पोटाशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हा अंगरखा घरात, कोरड्या अंगावर, रात्रीपुरता. पावसात बाहेर सोडताना काढायचा. सकाळी काढून झटकायचा आणि त्याच्या खालची कातडी हाताने चाचपून पाहायची. धुताना पाणी कोमट, साबण सौम्य किंवा रिठ्याचं पाणी. गरम पाण्यात चोळली तर खरी लोकर आटते आणि पुन्हा मोठी होत नाही. पिळू नका. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि खाटेवर पसरून वाळवा. टांगला तर वजनाने लांबतो.

आणखी एक. लोकरीच्या पेटीत आपण डांबरगोळ्या टाकतो. कुत्र्याच्या कपड्यांत किंवा अंथरुणात त्या कधीही नकोत. त्या कुत्र्याला विषारी असतात. त्याऐवजी कडुलिंबाचा सुकवलेला पाला घाला, आणि ऊन पडलं की पहिल्या प्रथम तेच कपडे बाहेर काढा. कसर लागते ती अंधारात आणि न हलवलेल्या कपड्यांना.

चार गाठी

आता तो तिसरा प्रश्न, जो पत्रांत कुणी विचारला नाही.

गेल्या पावसाळ्यात पाचवीच्या वर्गात वह्या तपासत होते. एक मुलगी डाव्या हाताने वही पुढे करत होती, उजवा हात फ्रॉकच्या मागे. हात पुढे घे म्हटलं तर रडायलाच लागली. मनगटावर दोन बारीक दात रुतलेले, वर हळद आणि तिखट लावून फडकं बांधलेलं. तीन दिवसांपूर्वी शाळेच्या मागे एका पिल्लाशी खेळताना चावलं होतं. घरी ओरडा बसेल म्हणून आधी लपवलं, मग आजीला कळलं. आई-बाप दिवसभर लावणीला. आजी मला म्हणाली, "बाई, एवढंसं पिल्लू ते. पिल्लाला कसला पिसाळ? आणि गावात औषध देणारा आहे की."

मैत्रिणींनो, पिल्लालाही पिसाळ होतो. आणि ते पिल्लू दुसऱ्या दिवसापासून कुणाला दिसलं नव्हतं.

रेबीज हा असा रोग आहे की लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर तो टळतो. १८८५ सालच्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो मुलगा जगला. तेव्हापासून उपाय माहीत आहे. तरीही आपल्या देशात माणसं यानं जातात. उशीर होतो, लपवलं जातं, किंवा डोस अर्धवट राहतात.

आजीची भीती वेगळीच होती. तिच्या तरुणपणी भावाला पोटात चौदा इंजेक्शनं दिलेली तिने पाहिली होती. "लेकराला ते हाल नको" असं तिचं म्हणणं. तिला सांगितलं, ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालानंतर बंद झाली. आता दंडाला देतात, सुई बारीक असते, आणि सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. तेव्हा कुठे ती उठली. आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली. हे खरं चावल्याबरोबर करायचं, पण उशीर झाला तरी करायचंच. मग आईला शेतातून बोलावून घेतलं आणि त्याच पावसात आम्ही एस.टी.ने गेलो. रक्त आलेलं होतं म्हणून डॉक्टरांनी जखमेत आणि भोवती सीरमही दिलं, आणि लसीचा पहिला डोस. "तीन दिवस झाले, आता काय उपयोग" असं म्हणून आम्ही घरी बसलो असतो तर? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कितीही दिवस झाले असले तरी या, लगेच सुरू करा.

पुढची अडचण निराळी होती. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी असते. स्नायूत देतात तेव्हा चौदा दिवसांनीही असते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच वेळापत्रक पाळायचं. लावणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे एक मजुरी बुडाली. पहिले दोन डोस कसेबसे होतात. मूल हसतं-खेळतं असतं, जखम भरलेली असते, आणि शेवटचा डोस राहून जातो.

त्या आईला तारखांचा घोळ होत होता. माझ्या पिशवीत मोत्याच्या कॉलरची लाल लोकर होती. हातभर तोडून तिला चार गाठी मारल्या आणि त्यांच्या घरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. तारखांवर लाल खुणा केल्या. एक डोस झाला की एक गाठ सोडायची. गाठी सोडायचं काम आजीने मागून घेतलं. एकदा आईला खाडा करता येईना, तेव्हा मी घेऊन गेले. अठ्ठाविसाव्या दिवशी आजीने स्वतः सुनेला कामावरून परत बोलावलं, "एक गाठ राहिलीय" म्हणून. मुलगी आता सहावीत आहे आणि कुत्र्यांना घाबरत नाही. मात्र खाताना आणि झोपताना त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, हे ती आता धाकट्यांना शिकवते.

म्हणून सांगते, सासूबाईंना कुत्रं घरात चालेल का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, त्याला लस टोचली आहे का? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा पुढची, आणि त्यानंतर दरवर्षी. त्याच वेळी लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचंही विचारा. तो रोग उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि आपल्यालाही. पायाला भेगा असताना चिखलात उतरणाऱ्या बाईला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर "पावसाचा ताप" म्हणून काढा पीत बसू नका, दवाखाना गाठा.

दारातल्या कुत्र्याला मालक नसेल तरीही लस टोचून घेता येते. गल्लीतल्या चार घरांनी मिळून वर्गणी काढली तर एका घरावर भार येत नाही. मादी असेल तर ऑपरेशनचंही विचारा, नाहीतर दर वर्षी झडीत पिल्लं भिजून मरतात आणि ते पाहणं फार वाईट.

आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी गडावर गर्दी असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत राजगड आहे. येणारी मंडळी कुत्र्यांना बिस्किटं टाकतात, कुत्री त्यांच्यामागे वर जातात. गर्दी ओसरली की तीच कुत्री भिजून, उपाशी खाली येतात. तुम्ही सहलीला कुठल्याही गडावर गेलात, तर बिस्किटाऐवजी भाकरीचा तुकडा द्या आणि मुलांना अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ देऊ नका.

थोडक्यात, पण लक्षात ठेवण्यासारखं

• कांदा-लसणाची आमटी, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला देऊ नये. शिजवलेल्या कोंबडीची हाडं टोकदार फुटतात, ती घशात अडकतात. भाकरी, भात, बिनमसाल्याचं वरण, उकडलेलं अंडं चालतं.

• कुत्रं लंगडतं किंवा कण्हतं म्हणून आपल्या घरातली तापाची, अंगदुखीची गोळी देऊ नये. माणसाला अर्धी गोळी ती कुत्र्याला जीवघेणी होऊ शकते.

• चावणारं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याला मारू नका, हाकलू नका. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. पण त्या दहा दिवसांच्या भरवशावर लस थांबवू नका.

• जखमेवर हळद, तिखट, चुना, तेल काही नको. साबण आणि पाणी, बस्स.

• विणकामाच्या सुया आणि लोकरीचा गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवा. पिल्लाने धागा गिळला आणि टोक बाहेर दिसलं, तर ओढू नका. आतड्याला कापू शकतो. तसंच घेऊन पशुवैद्याकडे जा.

• विणताना ओळी चुकतात? दर दहाव्या ओळीला वेगळ्या रंगाच्या धाग्याची खूण बांधा. डासांच्या धुरात आणि मिणमिणत्या उजेडात मोजण्यापेक्षा हे बरं.

ज्या मैत्रिणीला सासूबाईंची अडचण होती, तिच्यासाठी एक युक्ती. कुत्र्याच्या लसीचं कार्ड आणून सासूबाईंच्याच हाती द्या आणि म्हणा, "आत्या, पुढची तारीख तुम्ही लक्षात ठेवा." जबाबदारी दिली की माया येते. आमच्या सासूबाई अजूनही मोत्याला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. पण रात्री अंगरख्याच्या नाड्या त्याच बांधतात. माझ्या गाठी सैल असतात असं त्यांचं म्हणणं आहे.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या लोकरीतून दारासाठी जाड पायपुसणं कसं करायचं ते सांगेन. तोवर जुना स्वेटर शोधून ठेवा, आणि लसीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

तुमची,
पालीची मैत्रीण